भाच्याला पनिशर विरुद्ध बुल्सआयचं पुस्तक द्यायचं का?

या वेळचं पत्र एका मावशींचं आहे, नाव-गाव छापू नका म्हणाल्यात. पत्र बरंच लांब आहे म्हणून मुद्द्याचं तेवढंच देते.

"भाचा अकरावीत आहे, पुढच्या महिन्यात सतरावं लागेल. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाला मावशी मला पनिशरमॅक्सचं बुल्सआयवालं पुस्तक दे. नाव लिहून घेतलं, नेटवर चार पानं बघितली आणि धडकीच भरली, नुसतं रक्त. मी स्वतः वाचणारी आहे, पुस्तकाला नाही म्हणणं माझ्या जिवावर येतं, पण ताईला कळलं तर ती वर्षभर माझ्याशी बोलायची नाही. वर हा पोरगा म्हणतो की आपल्याकडे असाच एक माणूस पाहिजे, कोर्टकचेरीची भानगडच नको. गेल्या दिवाळीत दोघांनी त्याचा फोन हिसकावला, मारलं पण, पोलिसांनी एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) घेऊन परत पाठवलं, तेव्हापासून जरा गप्प गप्प असतो. बाकी अभ्यासात ठीक आहे. पुस्तक देऊ की नको? ताईला सांगू की नको?"

आधी सरळ उत्तर देते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. हे पुस्तक, म्हणजे हे अमेरिकन कॉमिक्स, आत्ता नको. त्याऐवजी फ्रँक मिलर आणि क्लाउस जॅन्सन यांच्या डेअरडेव्हिल कॉमिक्सचा दुसरा खंड द्या, त्यात बुल्सआय पण आहे आणि पनिशर पण आहे, त्यामुळे मावशीने भलतंच काहीतरी उचलून आणलं असं त्याला वाटणार नाही. आणि ताईला सांगायचं, हो, नक्की सांगायचं. आता का ते सांगते, त्याला जरा वेळ लागेल कारण तुमच्या भाच्याने मागितलेलं पुस्तक फालतू नाहीये आणि ते तसं समजून त्याच्याशी बोललात तर तो पुढचं काही ऐकणार नाही.

पनिशर म्हणजे फ्रँक कॅसल. मरीन, व्हिएतनाम युद्धातून परत आलेला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बायको मरिया आणि दोन मुलांबरोबर गेलेला असताना गुंडांच्या गोळीबारात सगळं कुटुंब जातं आणि हा एकटा उरतो. मग छातीवर कवटी लावून तो गुन्हेगारांना मारत सुटतो, पकडून पोलिसांच्या ताब्यात देणं वगैरे नाही, सरळ मारणं. बुल्सआय त्याच्या उलट, म्हणजे निदान वरवर तरी उलट. पैसे घेऊन खून करणारा, नेम असा की हातात येईल ते हत्यार, पत्त्यातलं पान सुद्धा, आणि त्याला ते काम मनापासून आवडतं. पनिशर आला १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या अंकात, बुल्सआय १९७६ मध्ये डेअरडेव्हिलच्या अंकात. दोघांना समोरासमोर आणायचा मोह लेखकांना होणारच होता, २००५ मध्ये डॅनियल वे आणि चित्रकार स्टीव्ह डिलन यांनी त्या दोघांच्या नावानेच पाच अंकांची मालिका केली होती. पण भाच्याने मागितलंय ते त्यानंतरचं, जेसन आरनने लिहिलेलं, चित्रं परत डिलनचीच.

त्या पुस्तकात काय आहे ते तुम्हाला सांगते, शेवट सांगितल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही म्हणून शेवटही सांगते, फक्त त्याच्यापुढे बोलून जाऊ नका. किंगपिन हा न्यूयॉर्कच्या गुन्हेगारीचा मालक, त्याला फ्रँक कॅसल मेलेला हवाय म्हणून तो बुल्सआयला बोलावतो. आता बुल्सआयने मनात आणलं तर लांबून एक गोळी घालून मोकळा होईल, पण त्याला ते पुरत नाही, त्याला फ्रँक समजून घ्यायचाय. हा माणूस इतकी वर्षं थांबत कसा नाही, दमत कसा नाही, हे त्याला कळत नाही आणि ते कळल्याशिवाय मारण्यात मजा नाही. मग तो फ्रँकच्या आयुष्यात शिरतो, त्याच्यासारखा जगून बघतो, एका कुटुंबाला वेठीस धरून पार्कमधल्या त्या दिवसाचं नाटक पुन्हा उभं करतो. तुम्हाला जी पानं बघून धडकी भरली ती बहुतेक इथली असणार आणि ती भरायलाच पाहिजे, लेखकाने ती त्यासाठीच लिहिलीयत. आणि शेवटी त्याला सापडतं. पार्कमध्ये गोळ्या सुटायच्या आधी फ्रँकने मरियाला शेवटचं काय सांगितलं होतं ते त्याला कळतं. त्याने तिला सांगितलं होतं की मला घटस्फोट हवाय.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिले होते. कारण इतकी वर्षं आपण काय धरून चाललेलो असतो, की हा माणूस बायकोमुलांसाठी लढतोय, त्याचं प्रेम इतकं होतं की दुःखाने तो असा झाला. आणि इथे एक भाडोत्री खुनी येऊन दाखवतो की कुटुंब मरायच्या आधीच हा माणूस घरातून उठून गेलेला होता, युद्ध त्याला घरापेक्षा जवळचं होतं, आणि कुटुंब गेल्यावर त्याला ते युद्ध कायमचं मिळालं. फ्रँकला आतून ओळखणारा त्या अख्ख्या गोष्टीत एकच माणूस आहे आणि तो त्याला मारायला आलेला आहे, त्याला ओळखू शकतो कारण दोघांचं काम एक आहे. माझ्या मते पनिशरवर लिहिलेल्या सगळ्यात खऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे. जो वाचक पूर्ण वाचतो आणि समजून वाचतो त्याला त्यानंतर "असा एक माणूस पाहिजे" म्हणणं जड जातं.

मग आत्ता का नको? कारण ते मोठ्यांसाठीचं आहे आणि हे माझं सोवळं नाही, ही कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचंच आहे, मॅक्स हा विभाग त्यांनी २००१ मध्ये खास प्रौढ वाचकांसाठी काढला आणि कव्हरवर तशी सूचना असते. रक्ताची मला तेवढी भीती नाही वाटत, सोळा-सतराच्या मुलांनी मोबाईलवर त्याहून वाईट बघितलेलं असतं. पण त्या पुस्तकाचा सगळा जोर लग्न, घर, बाप होणं, आणि हे सगळं असूनही माणसाला तिथे राहवत नाही यावर आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्यातली मारामारी पूर्ण लागते आणि ते घटस्फोटाचं वाक्य नुसता एक ट्विस्ट म्हणून लागतं. दोन-तीन वर्षं थांबला तर पुस्तक पूर्ण मिळेल त्याला. हे त्याला असंच सांगा, "तुझं वय नाही" असं तोडून नका सांगू, सांगा की मी बघितलं, चांगलं आहे, अठरा पूर्ण झाली की मीच देईन. आणि मग खरंच द्या.

आता जे द्यायचंय त्याबद्दल. डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक, आंधळा वकील, दिवसा कोर्टात उभा राहतो आणि रात्री मुखवटा घालून गुंडांना बडवतो, पण मारून टाकत नाही. दुसऱ्या खंडात १९८२ चा एकशे एक्क्याऐंशीवा अंक आहे, तो तर मिळेल तिथे वाचायलाच पाहिजे असा आहे. अख्खा अंक बुल्सआयच्या तोंडून सांगितलाय. तो तुरुंगात आहे, त्याला कळतं की किंगपिनकडची त्याची जागा आता एलेक्ट्राने, म्हणजे मॅटच्या जुन्या प्रेयसीने, घेतलीय, तो पळतो आणि जागा परत मिळवायला तिला मारतो, आधी पत्त्याच्या पानाने गळा आणि मग तिचंच हत्यार तिच्याच पोटात. ती रस्त्यावरून स्वतःला ओढत मॅटच्या दारापर्यंत येते आणि तिथे मरते. ते पान बघा, म्हंजे तुम्ही बघा आधी, ती चालतेय आणि आजूबाजूचे लोक नुसते बघतायत. पुढे मॅट आणि बुल्सआयची उंचावर मारामारी होते आणि बुल्सआय लटकत असताना मॅट त्याचा हात सोडून देतो. तो मरत नाही, पण अंक संपतो तेव्हा पूर्ण प्लास्टरमध्ये पडलेला असतो.

आणि इथे तुमचा भाचा तुम्हाला एक जोरदार प्रश्न विचारणार आहे, तयार राहा. एक वर्ष आधीच्या अंकात हाच बुल्सआय सबवेच्या रुळांवर पडलेला असतो, गाडी येत असते आणि मॅट त्याला ओढून वाचवतो. तेव्हा वाचवलं नसतं तर एलेक्ट्रा जगली असती. तो म्हणेल बघ मावशी, पनिशर असता तर तिथेच संपवला असता आणि सगळे वाचले असते. याला तुम्ही घाईने उत्तर देऊ नका कारण हा प्रश्न खरा आहे, लेखकाने मुद्दाम ठेवलेला आहे आणि मॅट स्वतः त्यात जळत असतो. तुम्ही म्हणा, हो रे, पटतंय मला. मुलांचं म्हणणं कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं ना की पुढचा विचार ती स्वतःच करायला लागतात, लगेच खोडलं की बाजू धरून बसतात.

मग त्याच खंडात पुढे दोन अंकांत पनिशर येतो. बहिणीच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला एक शाळकरी मुलगा आहे, ती ड्रगमुळे गेलीय, आणि त्या पोराच्या आजूबाजूला हे दोन मोठे पुरुष, एक म्हणतो मारायचं आणि एक म्हणतो नाही. तुमच्या भाच्याच्याच वयाच्या जवळपासचा मुलगा, त्यामुळे मी हेच पुस्तक सुचवतेय.

तिसरा खंड पण जमला तर घ्या, त्यातला एकच अंक पुरेसा आहे, एकशे एक्क्याण्णवावा, १९८३ चा, मिलरचा त्या काळातला शेवटचा. त्यात मारामारी जवळजवळ नाहीच. हॉस्पिटलची खोली, बुल्सआय पलंगावर, हलता येत नाही, बोलता येत नाही, आणि शेजारी डेअरडेव्हिल रिव्हॉल्व्हर घेऊन बसलाय. एकदा स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढतो, एकदा त्याच्या. आणि मधे मधे एक गोष्ट सांगतो. एका लहान मुलाची, जो डेअरडेव्हिलचा प्रचंड भक्त होता. त्या मुलाचा बाप लबाडीच्या व्यवहारात सापडला आणि डेअरडेव्हिलने त्या बापाला पोराच्या डोळ्यादेखत बडवलं. मग तो मुलगा एक दिवस बापाची बंदूक घेऊन शाळेत गेला आणि त्याला छळणाऱ्या मुलावर झाडली. मॅट विचारत बसतो की त्या पोराला मी काय शिकवलं, मारायचं की न्यायाचं, आणि शेवटी कळतं की रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीच नव्हती. तो खोलीतून निघून जातो. बुल्सआयला मारत नाही, पण स्वतःला निर्दोषही सोडत नाही. मला त्या अंकातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की हा प्रश्न विचारणारा पनिशर नाहीये, कधीच न मारणारा हिरो आहे, तरी त्यालाही वाटतं की माझ्याकडे बघून एक लेकरू बिघडलं.

आता "आपल्याकडे असा माणूस पाहिजे" याबद्दल. त्याला एक गोष्ट विचारा, सहज, गाडीवर जाताना वगैरे. पनिशर पहिल्यांदा आला तेव्हा कोणाला मारायला आला होता? स्पायडरमॅनला. कारण जॅकल नावाच्या खलनायकाने त्याला पटवलं होतं आणि पेपरात छापून येत होतं की नॉर्मन ऑसबॉर्न या उद्योगपतीचा खून स्पायडरमॅनने केला. म्हणजे ज्या अंकात हे पात्र जन्माला आलं त्याच अंकात त्याचा नेम चुकीच्या माणसावर आहे, आणि त्याच्या मनात जराही शंका नाही. त्या अंकाचा लेखक जेरी कॉनवेने ते तसंच लिहिलं. बुल्सआयकडे निदान सुपारी देणारा दुसरा असतो, फ्रँक स्वतःच सुपारी देतो आणि स्वतःच घेतो, मधे चूक पकडणारं कोणी नाही. फ्रँक फक्त वाईट लोकांना मारतो असं तो म्हणाला तर वाईट कोण ते त्याला कोण सांगतं एवढंच विचारा आणि गप्प बसा.

आणि ही चर्चा लांबच्या न्यूयॉर्कची नाहीये हे त्यालाही माहिती असेल. चकमकीत मारलेल्या गुंडाच्या बातमीवर आपल्याकडेही लोक टाळ्या वाजवतात. पण मुंबईत २००६ मध्ये झालेली एक चकमक बनावट होती म्हणून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांची जन्मठेप कायम ठेवली, आणि उच्च न्यायालयाचा तो निकाल यायला अठरा वर्षं लागली. त्या कवटीचंही तसंच, अमेरिकेत काही पोलिसांनी ती गाड्यांवर लावायला सुरुवात केली तेव्हा कॉनवेने उघडपणे विरोध केला, आणि २०१९ च्या एका अंकात तर दोन पोलीस कौतुकाने ते स्टिकर फ्रँकला दाखवतात, तो ते फाडून टाकतो आणि म्हणतो की तुम्ही शपथ घेतलीय, आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिका बघा. हे पान त्याला सापडेल, दाखवा.

पण हे सगळं बाजूला ठेवा कारण तुमच्या पत्रात माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. फोनचं वाक्य. तुम्ही ते मधेच टाकून पुढे गेलात. पोराला दोघांनी मारलं, तो मोठ्यांच्या भरवशावर पोलिसांकडे गेला, आणि एक कागद हातात देऊन त्याला घरी पाठवलं. त्याने काय शिकावं अशी आपली अपेक्षा आहे? त्याला फ्रँक कॅसल आवडतो यात मला काहीच विचित्र वाटत नाही, त्याला आवडतं की कोणीतरी त्याचं खरं मानून उठलं. पुस्तक देऊन किंवा न देऊन हे भरून निघणार नाही.

म्हणून वाढदिवसाच्या आधी एक काम करा. फोन हिसकावणं हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यात एनसी नाही, एफआयआर घ्यायला लागतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलंय. ठाण्यात घेत नसतील तर सगळी हकीकत लिहून, एनसीची झेरॉक्स जोडून, फोनचा आयएमईआय नंबर (फोनची ओळख सांगणारा नंबर) टाकून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये ती सोय आहे. शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे. फोनच्या खोक्यावर आयएमईआय असतो, खोकं ताईच्या कपाटात कुठेतरी असेल. उशीर झालाय, फोन मिळेलच असं मी म्हणत नाही. पण अर्ज त्याला स्वतःला लिहू द्या, त्याच्या शब्दांत, काय झालं, कुठे मारलं, कोणी बघितलं, आणि तुम्ही शेजारी बसा. लिहिताना तो बोलेल. माझा अंदाज आहे की त्याने कोणाला पूर्ण सांगितलेलंच नाहीये.

त्यात कुठे जाणवलं की तो झोपत नाही, त्या रस्त्याने जायचं टाळतोय, किंवा त्या दोघांना शोधून धडा शिकवायच्या गोष्टी खरोखर करतोय, नुसतं कॉमिक्सचं बोलणं नाही, तर मग समुपदेशकाकडे नेण्यात वेळ घालवू नका. कॉलेजात असतात, नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण डोळा ठेवा.

राहता राहिली ताई. तिला पुस्तकावरून सुरुवात करून सांगू नका, ती चार पानं बघेल आणि विषय तिथेच संपेल. आधी अर्जाचं सांगा, की फोनचं प्रकरण आपण अर्धवट सोडलं आणि पोरगा तेव्हापासून गप्प आहे, मला त्याच्याबरोबर बसून ते पूर्ण करायचंय. ती आई आहे, तिने ते गप्प होणं तुमच्या आधी बघितलेलं असणार, कदाचित कोणाजवळ बोलायचं हे तिलाही कळत नसेल. मग सांगा की त्याने अमुक पुस्तक मागितलं, मी ते देत नाहीये, हे दुसरं देतेय, आणि हे का ते मी वाचलंय म्हणून सांगू शकते. त्यासाठी खंड आधी तुमच्या पत्त्यावर मागवा आणि निदान तो एकशे एक्क्याऐंशीवा अंक आणि पनिशरचे दोन अंक वाचून ठेवा, दीड तासाचं काम आहे. बाहेरून यायला कधी कधी तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे ऑर्डर आजच टाका.